सिंगापूरचे दिवे: खडक कोणाचा, खर्च कोणाचा, राखण कोणाची

सिंगापूरसारख्या एवढ्याशा देशाला दीपगृहं कशाला लागतात, ती कोणी बांधली आणि जीपीएसच्या काळात त्यांचा काही उपयोग उरला आहे का, असा हा प्रश्न आहे. मी व्यापारी जहाजांवर आधी डेक ऑफिसर आणि नंतर कॅप्टन म्हणून याच पाण्यातून ये-जा केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देश छोटा आहे, बृहन्मुंबईपेक्षा थोडाच मोठा. पण दिव्यांची गरज देशाच्या आकारावर ठरत नाही, त्याच्या दारावरून कोण जातं यावर ठरते. मलाक्काची सामुद्रधुनी संपते आणि दक्षिण चीन समुद्र सुरू होतो, त्या दोहोंमधल्या अरुंद बोळात सिंगापूर बसलेलं आहे. फिलिप चॅनलजवळ हा बोळ जेमतेम २.८ किलोमीटर रुंद होतो. मलाक्का आणि सिंगापूरच्या या वाटेने वर्षाला ऐंशी हजारांहून जास्त जहाजं जातात. त्यांत तीन-तीनशे मीटर लांबीचे तेलवाहू आणि कंटेनर जहाजं असतात, आडवे जाणारे फेरीबोटीवाले असतात आणि दिवा न लावता मासेमारी करणाऱ्या होड्याही असतात. इथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

मुंबईहून पूर्वेकडे निघालेल्या जहाजाला मलाक्का उतरताना डाव्या हाताला आधी पुलाउ पिसांग बेटावरचा दिवा लागतो (मलयमध्ये पुलाउ म्हणजे बेट), मग सिंगापूरच्या पश्चिम तोंडाशी सुलतान शोल, दक्षिणेला राफल्स, शहराच्या पूर्व किनाऱ्यावर बेडोक, आणि अगदी शेवटी, मुख्य बेटापासून २४ सागरी मैलांवर, उघड्या समुद्राच्या उंबरठ्यावर हॉर्सबर्ग. प्रत्येकाची खूण वेगळी आहे. हॉर्सबर्ग दर १० सेकंदांनी एकदा लुकलुकतो, राफल्स २० सेकंदांत तीनदा, सुलतान शोल १५ सेकंदांत दोनदा, बेडोक ५ सेकंदांनी एकदा. नव्या कॅडेटला मी आधी स्टॉपवॉच हातात देऊन ही खूण मोजायला लावत असे. ती ओळखता आली की मगच बेअरिंग, म्हणजे दिवा कंपासच्या कोणत्या दिशेला आहे त्याचं माप.

इतिहास सांगायचा तर हॉर्सबर्गपासूनच सुरुवात करावी लागते. तो सगळ्यांत जुना आहे आणि त्याची कहाणी सगळ्यांत मोठी.

जेम्स हॉर्सबर्ग हा स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातला खलाशी. १७८६ मध्ये तो ज्या जहाजावर होता ते चुकीच्या नकाशामुळे दिएगो गार्सियावर आदळून फुटलं. त्या धक्क्यातून त्याने पुढचं सगळं आयुष्य पूर्वेकडच्या समुद्रांची मोजदाद करण्यात घालवलं. मुंबई ते चीन या मार्गावरच्या जहाजांवर काम करता करता तो खोली, प्रवाह, वारे, खडक यांची टिपणं ठेवत गेला. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला जलसर्वेक्षक नेमलं. त्याने लिहिलेली जलमार्गदर्शिका दोन पिढ्या कप्तानांच्या टेबलावर असायची. १८३६ मध्ये तो वारला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनच्या कॅन्टन बंदरातले व्यापारी आणि कप्तान एकत्र आले. या माणसाचं स्मारक करायचं, आणि तेही पुतळा उभारून नव्हे तर चीनच्या वाटेवर एक दिवा लावून, असं त्यांनी ठरवलं आणि वर्गणी सुरू झाली. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला जाणाऱ्या जहाजांची वाट हीच होती, हे इथे लक्षात ठेवायला हवं. त्या व्यापारातला अफूचा भाग आज आठवताना मन जड होतं, पण दिव्याचा पहिला पैसा त्याच पेठेतून उभा राहिला हे खरं आहे.

पैसे जमले तरी जागा ठरेना. सुरुवातीला शेजारच्या जोहोर राज्याच्या आग्नेय टोकाजवळच्या पीक रॉकवर दिवा उभारायचं चाललं होतं. सिंगापूरचा ब्रिटिश गव्हर्नर बटरवर्थ याने जोहोरच्या सुलतानाला आणि तेमेंगोंगला, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराला, पत्रं लिहून परवानगी मागितली, आणि २५ नोव्हेंबर १८४४ रोजी दोघांनीही संमती कळवली. त्या उत्तरांत नेमक्या खडकाचं नाव नव्हतं. पुढे दर्यावर्दींचा कौल पाहून जागा बदलली आणि पेद्रा ब्रांका नावाचा खडक निवडला गेला. मलय लोक त्याला बातू पुतेह म्हणतात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने तो पांढरा दिसायचा. ओहोटीला १३७ मीटर लांब, सरासरी ६० मीटर रुंद, बस्स इतकाच. त्या पत्रांत जागेचं नाव नसणं ही गोष्ट त्या वेळी कोणालाच महत्त्वाची वाटली नसेल. दीडशे वर्षांनी हा खडक कोणाचा या खटल्यात हेगमध्ये वकिलांनी त्यावर पानंच्या पानं खर्च केली.

बांधण्याचं काम पडलं जॉन टर्नबुल थॉमसनकडे. हा सिंगापूरचा सरकारी सर्व्हेयर, १८२१ चा जन्म, म्हणजे काम हाती घेतलं तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. उघड्या समुद्रातल्या खडकावर बांधण्याचा अनुभव त्या भागात कोणालाच नव्हता. त्याने काय केलं, तर आधी खडकावर विटांचे खांब उभे करून ठेवले आणि एक ईशान्य मोसमी हंगाम जाऊ दिला. लाटा कुठवर पोचतात, किती जोर लावतात, हे त्या खांबांकडून त्याला कळलं. खालच्या बाजूचे खांब समुद्राने ओढून नेले. मग वीट बाद झाली आणि सिंगापूरच्या ईशान्येच्या पुलाउ उबिन बेटावरचा ग्रॅनाइट ठरला. मला या माणसाबद्दल अतिशय आदर आहे तो यासाठी. लंडनहून आराखडा मागवून तो तसाच उभा करणं सोपं होतं. त्याने समुद्राला आधी विचारून घेतलं.

कोनशिला बसली २४ मे १८५० रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, फ्रीमेसन या बंधुसंघाच्या विधीने. काम फक्त शांत हंगामात व्हायचं. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा चालतो, तेव्हा खडकाला होडी लावणंच अशक्य. चिनी पाथरवट, मलय नावाडी, हिंदुस्थानी मजूर अशी वेगवेगळ्या भाषांची माणसं त्या तुकड्यावर एकत्र राहिली. चाचेगिरीचा धाक होता म्हणून तोफांच्या होड्या पहाऱ्याला असत. जून १८५० मध्ये खुद्द तेमेंगोंग आपली तीस माणसं घेऊन काम पाहून गेला. १८५१ च्या ऑक्टोबरात दिवा नियमित पेटू लागला. थॉमसनची तब्येत मात्र या दगदगीत खालावली. १८५३ मध्ये त्याने सिंगापूर सोडलं, आणि पुढे तो न्यूझीलंडचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला. त्याचा ग्रॅनाइटचा बुरुज आजही जागेवर आहे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा.

खर्च सुमारे २३,६०० स्पॅनिश डॉलर आला. कॅन्टनच्या वर्गणीतून त्याचा एक तृतीयांशसुद्धा भागला नाही. बाकीचा भार कंपनीच्या तिजोरीवर पडला, आणि तो वसूल करायला १८५२ मध्ये कायदा झाला. तो झाला कुठे? सिंगापुरात नव्हे, कलकत्त्यात. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होते. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने १८५२ चा सहावा कायदा करून पेद्रा ब्रांकाच्या दिव्यासाठी जहाजांवर कर बसवला आणि दीपगृहाची मालकी कंपनीच्या नावे केली. आपल्याकडे मुंबईच्या दक्षिणेला खांदेरीचा दिवा १८६७ मध्ये लागला. योगायोग असा की त्याच वर्षी १ एप्रिलला हे सामुद्रधुनीचे मुलूख हिंदुस्थान सरकारकडून काढून लंडनच्या वसाहत खात्याकडे देण्यात आले.

हिंदुस्थानशी नातं कायद्यापुरतं नव्हतं, आणि हा भाग मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याआधी जन्मठेपेचे कैदी पेनांग, मलाक्का आणि सिंगापूरला पाठवले जात, बंगाल आणि मद्रासबरोबर मुंबई इलाख्यातूनही. सिंगापूरचे रस्ते, दलदलीतले भराव, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, गव्हर्नरांचा बंगला, म्हणजे आजचं राष्ट्राध्यक्षांचं इस्ताना, या कैद्यांच्या हातून उभं राहिलं. राफल्सचं दीपगृहही त्यांच्याच श्रमाचं. ते पुलाउ सातुमू या लहानशा बेटावर आहे, शहरापासून साधारण २३ किलोमीटर नैर्ऋत्येला. त्याची कोनशिला २४ मे १८५४ ला बसली, म्हणजे पुन्हा राणीचा वाढदिवस, आणि १ डिसेंबर १८५५ ला दिवा सुरू झाला. उबिनच्या खाणीतला ग्रॅनाइट फोडणं, घडवणं, वाहून नेणं, रचणं यात बंदिवान होते. या कैद्यांचा सिंगापूरमधला तुरुंग १८७३ मध्ये बंद झाला. सुटलेल्यांपैकी पुष्कळ जण तिथेच राहिले. त्या दीपगृहाला नाव सिंगापूर वसवणाऱ्या स्टॅमफोर्ड राफल्सचं आहे. ज्यांनी ते रचलं त्यांचं एकही नाव दगडावर नाही, आणि हे मला खुपतं.

आता पुलाउ पिसांग. हे बेट जोहोरचं, म्हणजे आज मलेशियाचं, आणि त्यावर कोणाचाही वाद नाही. पण त्यावरचं १८८६ चं दीपगृह सांभाळतं सिंगापूर. जोहोरच्या सुलतानाने १९०० मध्ये दीपगृहाची आणि रस्त्याची जागा करार करून दिली आणि तेव्हापासून ही व्यवस्था चालू आहे. परक्या देशाच्या बेटावर शेजारी देशाची माणसं दिवा राखतात, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण दिव्यांच्या बाबतीत जगभर असं होत आलेलं आहे. दिवा सगळ्यांच्या कामाचा असतो, म्हणून तो कोण सांभाळतो आणि जमीन कोणाची, हे दोन प्रश्न अलग ठेवण्याची प्रथा पडली.

ही प्रथा नीट कळली नाही तर पेद्रा ब्रांकाचा खटला समजत नाही. पुष्कळ जण सांगतात की सिंगापूरने दिवा चालवला म्हणून खडक सिंगापूरला मिळाला. तसं झालेलं नाही.

झालं असं. २१ डिसेंबर १९७९ रोजी मलेशियाने एक नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यात पेद्रा ब्रांका आपल्या हद्दीत दाखवलं. सिंगापूरने फेब्रुवारी १९८० मध्ये निषेध नोंदवला. पुढे वीसेक वर्षं बोलणी चालली, मग दोघांनी मिळून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचं ठरवलं. हेही सांगण्यासारखं आहे, कारण खडकावरून शेजाऱ्यांनी आरमारं समोरासमोर आणल्याची उदाहरणं त्याच समुद्रात कमी नाहीत. निकाल २३ मे २००८ ला लागला. न्यायालयाने आधी मान्य केलं की मुळात हा खडक जोहोरच्या सुलतानाचाच होता. दीपगृह बांधलं आणि चालवलं एवढ्याने तो ब्रिटिशांचा झाला नाही. मग तोल कशाने फिरला? एका पत्राने. १२ जून १९५३ रोजी सिंगापूरच्या वसाहत कार्यालयाने जोहोरला विचारलं होतं की आमच्या सागरी हद्दीची आखणी चालली आहे, तर या खडकाची स्थिती काय आहे ते कळवा. २१ सप्टेंबरला जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवांचं उत्तर आलं: जोहोर सरकार पेद्रा ब्रांकाच्या मालकीचा दावा करत नाही. एक वाक्य.

त्यानंतरचं वागणं त्याला जुळत गेलं. खडकाभोवती जहाजं फुटली तर चौकशी सिंगापूरने केली. खडकावर कोणी यायचं याची परवानगी सिंगापूर देत होतं, आणि मलेशियाचे अधिकारीसुद्धा ती मागून येत होते. १९७७ मध्ये सिंगापूरने तिथे आपल्या नौदलाची संपर्कयंत्रणा बसवली. आणि झेंडा. १९६८ मध्ये मलेशियाने पुलाउ पिसांगच्या दीपगृहावर फडकणारा सिंगापूरचा झेंडा उतरवायला सांगितला आणि सिंगापूरने तो उतरवला. पेद्रा ब्रांकावरही तसाच झेंडा होता. त्याबद्दल मलेशियाने तेव्हा चकार शब्द काढला नाही. दोन दीपगृहं, दोन्हींवर एकच झेंडा, एकीकडे हरकत आणि दुसरीकडे मौन. न्यायालयाने हा फरक टिपला. बारा विरुद्ध चार मतांनी पेद्रा ब्रांका सिंगापूरला मिळालं, तर दक्षिणेला जेमतेम ०.६ मैलावरचे मिडल रॉक्स मलेशियाला. ओहोटीला वर येणारा साउथ लेज ज्याच्या सागरी हद्दीत पडेल त्याचा, असं ठरलं. सिंगापूरच्या बाजूने तात्पुरते न्यायाधीश म्हणून भारताचे पी. एस. राव बसले होते. २०१७ मध्ये मलेशियाने निकालाचा फेरविचार मागितला होता, पण पुढच्या वर्षी तो अर्ज मागे घेतला.

माझं मत असं आहे की दिवा चालवण्याने खडक मिळत नाही हे न्यायालयाने स्पष्ट केलं ते फार चांगलं झालं. नाहीतर पुढे कोणताही देश शेजाऱ्याला आपल्या बेटावर दिवा लावू द्यायला धजावला नसता, आणि त्याचे परिणाम आम्हा जहाजवाल्यांना भोगावे लागले असते.

सुलतान शोलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १८९६ चा आहे, पश्चिमेकडून बंदरात शिरणाऱ्यांच्या उपयोगाचा.

शहरातल्या दिव्यांची गोष्ट मात्र मजेची आहे. १९०३ मध्ये फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर दीपगृह उभारलं गेलं. पन्नासेक वर्षांत समोर इमारती इतक्या वाढल्या की १९५८ मध्ये तो दिवा बंद करून फुलर्टन इमारतीच्या गच्चीवर नवा बसवावा लागला. वीस वर्षांत त्यालाही उंच इमारतींनी झाकलं. शिवाय समुद्रात भराव टाकून किनाराच पुढे सरकला होता. मग १९७८ मध्ये दिवा बसवला तो थेट पूर्व किनाऱ्यावरच्या एका पंचवीस मजली रहिवासी इमारतीच्या माथ्यावर. हाच बेडोकचा दिवा. समुद्रापासून ७६ मीटर उंच, सुरुवातीपासून स्वयंचलित, आणि खाली लोकांचे संसार चालू.

आता उपयोगाचा प्रश्न. तरुण अधिकाऱ्यांना वाटतं की इलेक्ट्रॉनिक चार्टवर जहाजाचं चित्र दिसतंय, तर बाहेर बघायचं कशाला. पण तो चार्ट उपग्रहाच्या सिग्नलवर भरवसा ठेवून ते चित्र काढतो. सिग्नल दाबता येतो, खोटा पाठवता येतो, आणि गेल्या काही वर्षांत काळ्या समुद्रात, पूर्व भूमध्य समुद्रात, होर्मुझच्या आसपास जहाजांनी हे अनुभवलं आहे. खोट्या सिग्नलवर चार्ट तक्रार करत नाही. तो शांतपणे चुकीची जागा दाखवत राहतो. दीपगृह खडकाला बांधलेलं आहे. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्या, विंगवर (बाहेरच्या सज्जावर) जाऊन कंपास रिपीटरवरून त्याचं बेअरिंग घेतलं, रडारवरून अंतर घेतलं, आणि दोन्ही चार्टवरच्या जागेशी जुळलं, म्हणजे आपण जिथे समजतो तिथेच आहोत. याला एक मिनिट लागतं.

आणखी एक हिशोब जुने लोक ठेवायचे, तो अजून शिकण्यासारखा आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिवा क्षितिजावर नेमका कधी डोकावेल हे काढता येतं. दिव्याची उंची आणि आपल्या डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोहोंची वर्गमुळं मिळवायची आणि २.०८ ने गुणायचं. हॉर्सबर्गचा दिवा ३१ मीटरवर, आपण ब्रिजवर २५ मीटर उंचीवर, तर उत्तर येतं सुमारे २२ सागरी मैल. दक्षिण चीन समुद्राकडून येताना स्वच्छ रात्री आधी क्षितिजामागे उजेडाची झाक दिसते आणि मग या अंतराच्या आसपास खुद्द ठिणगी दिसते. ठरल्या वेळी ती दिसली नाही तर कॅप्टनला उठवायचं, ही माझी स्थायी ऑर्डर असे.

नैर्ऋत्य मोसमात या पाण्यात पहाटेच्या सुमारास ‘सुमात्रा’ नावाची वादळी सर येते. वारा एकदम चाळीस-पन्नास नॉटवर जातो, पावसाने रडारचा पडदा पांढरा होतो. अशा वेळी दिवाही झाकला जातो, हे मान्य. म्हणूनच सर अंगावर येण्याआधी शेवटचं बेअरिंग घेऊन ठेवणं महत्त्वाचं. राफल्सजवळ अडचण उलटी असते. नांगरावर उभ्या जहाजांचे डेकवरचे लाइट आणि मागे झगमगतं शहर, यांत दिवा हरवतो. तिथे खूण मोजता येणारा माणूस लागतो. आणि आता सगळं क्षेत्र व्हीटीआयएसच्या, म्हणजे जहाजांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या किनाऱ्यावरच्या केंद्राच्या, रडारखाली आहे, हॉर्सबर्गच्या बाजूला आलात की व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १० वर ‘सिंगापूर व्हीटीआयएस ईस्ट’ तुमच्याशी बोलतं. त्यांचंही ऐकायचं, पण आपण कुठे आहोत हे आपल्याला आधी माहीत असावं.

सिंगापूरला जाऊन हे दिवे पाहायचे असतील तर हॉर्सबर्ग आणि राफल्स विसरा. दोन्ही बेटं सर्वसामान्यांसाठी खुली नाहीत, आणि त्यांची व्यवस्था बंदर प्राधिकरणाकडे, एमपीएकडे आहे. राफल्स आणि पिसांगवर यंत्रणा स्वयंचलित झाल्यावरही रखवालदार पाळीने राहात आले. फोर्ट कॅनिंग बागेत जुन्या दीपगृहाची प्रतिकृती आहे. फुलर्टनचा मूळ कंदील हार्बरफ्रंटच्या बाजूला मांडून ठेवला आहे, त्याची भिंगं जवळून पाहता येतात. बेडोकचा दिवा मात्र अंधार पडल्यावर ईस्ट कोस्ट पार्कमधून कोणालाही फुकट दिसतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना घड्याळ लावून सेकंद मोजायला सांगा.